कोण पुढं, कोण मागं

बी-१७ हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बर विमान बघायला देखणं आणि उडायला सावकाश. चार इंजिनं, लांबलचक पंख, पाठीवर आणि पोटाखाली तोफची माणसं बसायच्या काचेच्या खोल्या. १२ नोव्हेंबर २०२२ला अमेरिकेत डॅलसच्या एक्झिक्युटिव्ह विमानतळावर, एअर शोमध्ये, ‘टेक्सास रेडर्स’ नावाचं असं एक विमान प्रेक्षकांसमोरून चाललं होतं. तेवढ्यात बाजूनं, एका पंखावर कललेलं, वळण घेणारं पी-६३ किंगकोब्रा हे त्याच काळातलं लढाऊ विमान आलं आणि बी-१७च्या पंखामागे थेट धडात घुसलं. बी-१७चे दोन तुकडे झाले. पुढचा भाग जमिनीवर आपटला आणि आगीचा डोंब उसळला. बी-१७वरचे पाच आणि किंगकोब्राचा एकटा वैमानिक असे सहा जण गेले. खाली बघायला जमलेल्यांपैकी कुणी दगावलं नाही, हे नशीब.

ती चित्रफीत सकाळपर्यंत सोलापुरात पोचली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या आणि सुविचारांच्या मधे ती येऊन पडली आणि खाली लगेच निकालही लागला. ऐंशी वर्षांची विमानं, भंगारात घालायची सोडून उडवतात कशाला? मशीन म्हातारं झालं की दगा देणारच. एकानं तर आपल्या जुन्या स्कूटरचा दाखला दिला.

माझे मामा त्या ग्रुपवर आहेत, पण लिहीत नाहीत. वायुदलात एअरफ्रेम फिटर म्हणून भरती झाले, वॉरंट ऑफिसर होऊन बाहेर पडले आणि आता जुळे सोलापुरात राहतात. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी हंटर ह्या लढाऊ जेट विमानांवर काढली. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि चित्रफीत दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, मोबाईल नाकाशी धरला, दोनदा बघितली. मला वाटलं इंजिनाबद्दल, पंखाबद्दल काही सांगतील. ते म्हणाले, “दोन्ही विमानं झकास चालूलालीत बे. बिघाड कुठंय ह्यात? सकाळच्या ब्रीफिंगला काय ठरलं होतं ते बघ आधी.”

ते बघायला मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाचा प्राथमिक अहवाल महिना संपायच्या आत आला आणि अंतिम निष्कर्ष २०२४च्या डिसेंबरात. त्या दिवशी हवेत दोन रांगा होत्या. तीन लढाऊ विमानांची एक, एकामागे एक. किंगकोब्रा त्यातलं तिसरं. पाच बॉम्बर विमानांची दुसरी; तिच्या अग्रभागी बी-१७. जमिनीवर एक ‘एअर बॉस’, म्हणजे रेडिओवरून सगळा खेळ हलवणारा माणूस. त्यानं सांगितलं की लढाऊ विमानांनी बॉम्बरांच्या पुढं निघावं आणि प्रेक्षकांपासून ५०० फुटांच्या रेषेवरून जावं. बॉम्बरांनी १००० फुटांच्या रेषेवरून. ह्या रेषा जमिनीवरच्या अंतराच्या. उंचीचं काय? कोण वर, कोण खाली? ते उड्डाणाआधीच्या बैठकीत ठरलं नव्हतं आणि हवेत गेल्यावरही कुणी ठरवलं नाही. भिस्त होती ती एअर बॉसच्या आयत्या वेळच्या सूचनांवर, आणि वैमानिकांनी एकमेकांना बघून टाळण्यावर.

आता बघून टाळायचं म्हटलं तर बघता तर आलं पाहिजे. किंगकोब्राचा वैमानिक डावीकडे वळत होता. वळताना विमान कलतं, आणि कललेल्या विमानात वैमानिकाच्या नजरेआड बरंच काही जातं. त्याचं स्वतःचं नाक, पंख, कॉकपिटची चौकट. शिवाय त्याला आपल्या पुढच्या दोन विमानांवर नजर ठेवायची होती, रेषेवर यायचं होतं, रेडिओ ऐकायचा होता. बी-१७च्या वैमानिकाला तर मागून बाजूनं येणारं दिसायचं कारणच नव्हतं. मंडळानं ठपका ठेवला तो ह्यावर: विमानं एकमेकांपासून दूर राहतील अशी आधी समजावून सांगितलेली पुरेशी योजना नव्हती. इंजिनं चालू होती, दोन्ही विमानं वैमानिकाच्या हुकमात होती, आणि उडवणारे जाणते होते. तरी सहा माणसं गेली.

मला राहून राहून वाटतं की यंत्रावर ढकललं की आपण सगळेच सुटतो. यंत्राला वय असतं, गंज असतो, आणि ते उलटून बोलत नाही. ‘जुनं होतं, गेलं’ म्हटलं की सकाळच्या त्या बैठकीत कोण काय बोलायचं राहिलं हे विचारावं लागत नाही.

पण यंत्राचा दोष कधीच नसतो असंही कुणी म्हणू नये. १६ सप्टेंबर २०११ला नेवाडातल्या रीनो इथं विमानांची शर्यत होती. ‘गॅलपिंग घोस्ट’ हे पी-५१ मस्टँग, दुसऱ्या महायुद्धातलं आणि वेगासाठी नखशिखांत बदललेलं. भर वेगात त्याच्या शेपटीवरची एक छोटी फळी, ज्याला ट्रिम टॅब म्हणतात, फडफडू लागली आणि तुटली. विमान एकाएकी वर उसळलं. त्या झटक्याला १७ जीचा, म्हणजे अंगाच्या वजनाच्या सतरापट, जोर होता, आणि ७४ वर्षांचे वैमानिक जिमी लीवर्ड यांची शुद्ध तिथंच हरपली असणार. विमान प्रेक्षकांच्या खुर्च्यांत पडलं. वैमानिक धरून ११ मृत्यू, ६०हून जास्त जखमी. तपासात सापडलं काय? त्या फळीचे स्क्रू सैल झाले होते, कारण त्यांना धरून ठेवणाऱ्या लॉकनटांच्या आतल्या इन्सर्टची पकड गेली होती.

हा नट ज्यांनी हाताळला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साधा नट हादऱ्यानं सुटतो. लॉकनटच्या तोंडाशी आत एक नरम कडं बसवलेलं असतं. स्क्रूचे आटे त्यात रुतत जातात आणि ते कडं स्क्रूला घट्ट धरतं. आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर ह्याच जातीचा नायलॉक नट वापरतात, कारण माग दिवसभर धडधडत असतो. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याच्या, हाताशी रॉकेलचा डबा असतो आणि त्यात काढलेले नट पडलेले असतात. त्यातला एक उचलून तो बोल्टवर नुसत्या बोटांनी फिरवतो. शेवटपर्यंत बोटांनी गेला की फेकून देतो. मधेच अडला आणि पाना मागू लागला तर त्या नटात जीव आहे. तपासायला लागतात दहा सेकंद. मागाच्या बाबतीत चुकलं तर चादरीत एक डाग पडतो, फार तर धोटा उडून लागतो. ताशी आठशे किलोमीटरच्या वर धावणाऱ्या विमानात तोच प्रश्न शेपटीवर बसलेला असतो.

मामांना रीनोचं सांगितलं तेव्हा मात्र ते बराच वेळ बोलले. लॉकवायर, म्हणजे नट जागेवर बांधून ठेवणारी तार, कशी पिळायची, कुठल्या दिशेनं ओढ ठेवायची म्हणजे नट सुटू पाहिला तर वायर त्याला उलट घट्टच करते. काम झाल्यावर हत्यारांच्या पेटीतली हत्यारं मोजायची, एक पाना कमी भरला तर विमान जागेवरून हलायचं नाही. फॉर्म ७०० ह्या देखभालीच्या नोंदवहीवर आपली सही, मग वैमानिकाची सही. ते म्हणाले, “सही म्हणजे काय, तर मी पाहिलं असं लिहून देणं. तोंडी ‘हो साहेब, बघितलं’ चालत नव्हतं.” मामा तसे बढाईखोर नाहीत, पण सहीचा विषय निघाला की त्यांची मान थोडी ताठ होते.

हंटरचं नाव आपल्याकडे वायुदलाबाहेरच्या माणसालाही ठाऊक असतं ते लोंगेवालामुळं. १९७१च्या डिसेंबरात जैसलमेरहून उडालेल्या हंटरांनी वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे टिपले. १९५७पासून पुढं चार दशकं हे विमान भारतीय वायुदलात होतं. वायुदलाच्या ‘थंडरबोल्ट्स’ ह्या कसरती पथकानं नऊ-नऊ हंटर एकत्र उडवले. त्याच जातीचं एक हंटर इंग्लंडमध्ये खासगी मालकीचं होऊन प्रदर्शनात उडत होतं, आणि २२ ऑगस्ट २०१५ला शोरहॅमच्या एअर शोमध्ये पडलं. ही दुर्घटना मामांना डॅलसपेक्षा जास्त लागली. आपलं विमान, म्हणाले.

शोरहॅमला वैमानिक हंटरला एका मोठ्या उभ्या गिरकीतून काढत होता. खालून वेग घेऊन वर चढायचं, माथ्यावर उलटं व्हायचं आणि पलीकडून खाली येत सरळ व्हायचं. खाली यायला जागा लागते, म्हणून माथ्याची उंची ठरलेली: किमान ३५०० फूट. विमान पोचलं सुमारे २७०० फुटांपर्यंत, कारण गिरकीत शिरतानाच वेग कमी होता. माथ्यावर हे कळलं असतं तर गिरकी अर्धवट सोडून विमान सरळ करून निघून जाता येत होतं. तसं झालं नाही. विमान ए-२७ महामार्गावर आपटलं. अकरा जण ठार झाले आणि वैमानिक वाचला. वैमानिक दुसऱ्या एका जेट विमानाचेही खेळ करत असे. त्या विमानाचे आकडे त्याच्या डोक्यात आले असण्याची शक्यता तपास अधिकाऱ्यांनी नोंदवली. आणखी एक गोष्ट अहवालात आहे, जी फारशी कुणी बोलत नाही: खेळाचं संचालन करणाऱ्याला हा वैमानिक नेमक्या कुठल्या कसरती कुठल्या क्रमानं करणार आहे हे आधी माहीत नव्हतं.

त्या अकरांतले काही जण रस्त्याकडेला थांबून वर बघत होते. काही जण मात्र नुसते जात होते. दोन तरुण फुटबॉलच्या सामन्याला निघालेले. एक जण सजवलेली गाडी घेऊन नवरीला आणायला निघालेला चालक. त्यांनी तिकीट काढलं नव्हतं, मान वर केली नव्हती, त्या हंटरशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. वैमानिकावर खटला झाला, २०१९च्या मार्चमध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. पुढं २०२२च्या डिसेंबरात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं हे मृत्यू बेकायदेशीर ठरवले. कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही एका वेळी कसं खरं असू शकतं हे वकिलांनी सांगावं. मला त्या नवरीचं सुचत राहतं. मांडवात सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसलेले, आणि गाडीला उशीर का होतोय ते कुणालाच कळत नाही.

शोरहॅमनंतर ब्रिटनच्या विमान प्राधिकरणानं जुन्या जेट विमानांच्या कसरती जमिनीवरच्या आकाशात करायला बंदी घातली. सरळ उडत जा, म्हणाले, उलटंपालटं नको. पुष्कळ शौकीन नाराज झाले. मला तो नियम पटतो. इतक्या जुन्या विमानाला कोलांटी मारायला लावण्यात त्याचा मान कसला? समोरून गेलं, आवाज ऐकू आला, पोटाखालून सावली गेली, एवढ्यानं माझं तरी पोट भरेल.

म्हणजे ही विमानं उडूच नयेत असं मी म्हणणार नाही. १२,७३१ बी-१७ बांधली गेली आणि आज त्यातली बोटांवर मोजण्याइतकी उडण्याच्या अवस्थेत आहेत. ती जपणारे बहुतेक लोक स्वयंसेवक. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार हँगरमध्ये हात काळे करणारे. मी सोलापूरचा आहे. आमच्या आजोबांची हयात जुन्या मिलच्या भोंग्यावर गेली. पण मिलमधला एकही माग मी चालताना बघितलेला नाही. बघितली ती पडकी भिंत आणि भंगारवाल्यांचे ट्रक. कुणी चार वेड्यांनी एक माग चालू ठेवला असता आणि वर्षातून एकदा पोरांना दाखवला असता, तर मी तिकीट काढून गेलो असतो आणि जॉबरला वाकून नमस्कार केला असता. त्यामुळं डॅलसच्या त्या माणसांना वेडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डॅलसचा अहवाल वाचताना माझ्या डोक्यात सारखा येत होता तो आमचा गड्डा. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात. उंच, जड काठ्या; सजवलेल्या, वरच्या वर डोलणाऱ्या. पहिल्या काठीला नागफणी चढवली की ती पेलणं येरागबाळ्याचं काम नाही. पांढऱ्या बाराबंदीतला तो माणूस काठी पेलतो तेव्हा त्याला पुढचं फारसं दिसत नसतं. त्याची नजर वर आणि भरवसा भोवतीच्या माणसांवर. अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर दोन्ही बाजूंना माणसांचे थवे, गच्च्यांवर बायका, बापांच्या खांद्यांवर पोरं. काठी कलंडली तर? कलंडू नये म्हणून आधी किती दिवस सराव चालतो ते शहरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. रात्री उशिरा पेठांमधून सरावाची काठी फिरताना दिसते. वाटेवरच्या वायरी, झाडांच्या फांद्या आधी बघून ठेवाव्या लागतात. आणि क्रम. पहिली काठी कुणाची, दुसरी कुणाची, सातवी कुणाची, हे शतकानुशतकं ठरलेलं. मानावरून सोलापुरात कुरबुरी होत नाहीत असं नाही, होतात आणि चांगल्या जोरात होतात. पण त्या यात्रेच्या आधी होतात. काठी उचलल्यावर दोन नंबरच्या काठीनं एक नंबरला ओलांडून जायचं का, हा प्रश्न रस्त्यावर कुणी कुणाला विचारत नाही. तिथं कुणी हातात माईक घेऊन ‘आता तुम्ही यांच्या पुढून निघा’ असं म्हणाला, तर लोक त्याच्याकडे बघतच राहतील.

मान म्हणजे रिकामी मिजास, असं कॉलेजात असताना आम्ही म्हणायचो. मानात मिजास असते हे आजही कबूल. पण जड काहीतरी डोक्यावर तोलून गर्दीतून न्यायचं असेल, तर कोण पुढं आणि कोण मागं ह्याचा निकाल आदल्या रात्रीच लागलेला बरा.

सोलापूरच्या आकाशाबद्दलही हा वाद होऊन गेलाय, फक्त त्यात विमान नव्हतं. होटगी रोडचा विमानतळ वर्षानुवर्षं नुसता होता आणि धावपट्टीच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची जवळपास नव्वद मीटरची चिमणी. चिमणी पाडा आणि चिमणी वाचवा, अशी शहराची दोन घरं झाली. एकाच घरातही झाली. ऊसवाल्या शेतकऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि विमान हवं म्हणणाऱ्याचंही नव्हतं. १५ जून २०२३ला ती स्फोटकं लावून पाडली. खाली बसताना ती क्षणभर उभीच आहेसं वाटलं, मग धूळ. त्यानंतर दोन वर्षांनी, २०२५च्या जूनमध्ये, गोव्याचं विमान सुरू झालं. त्या भांडणात कडवटपणा फार झाला. पण उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत काय असावं, काय नसावं हे वैमानिकाच्या नजरेवर सोडता येत नाही, एवढं तरी त्यात दोन्ही घरांना पाठ झालं.

आपल्याकडे कसरतीत गेलेल्या माणसांची यादी लहान नाही. १९ फेब्रुवारी २०१९ला बंगळुरूच्या येलहंका तळावर, एरो इंडिया हा एअर शो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, सूर्यकिरण पथकाची दोन हॉक विमानं सरावात एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ला दुबईच्या एअर शोमध्ये तेजस पडलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. तेजस काही जुनं विमान नव्हे. तरी दुबईची चित्रफीत ग्रुपवर आली आणि तासाभरात दहा कारणं हजर. कुणी इंजिन म्हणालं, कुणी घातपात, कुणी वैमानिकाचीच चूक काढली. ह्या वेळी मामांनी ग्रुपवर लिहिलं, पहिल्यांदाच: चौकशी होऊ द्या, त्यांच्या घरचे लोकही मोबाईल बघत असतील. त्यावर चार-पाच जोडलेले हात आणि अंगठे आले आणि पुन्हा सुविचार सुरू झाले.

मला मात्र एकदा एअर शो बघायचाच आहे. गड्ड्यावर मौत का कुआँ बघताना कठड्याला धरून खाली वाकलेला पोरगा मीच होतो. मोटारसायकल वर आली की फळ्यांची थरथर तळहाताला लागायची आणि मागं सरकावंसं वाटायचं नाही. ती हौस गेलेली नाही आणि गेल्याचा आवही मी आणणार नाही. येलहंकाचा पुढचा शो ठरल्या वेळी झाला तर २०२७च्या फेब्रुवारीत आहे. उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरून जाते, मामांना दोन जिने चढायचे नाहीत अशी खोली बघावी लागेल. त्यांनी अट घातलीय ती वेगळीच. आकाशातलं तू बघ, म्हणतात. मला उभ्या विमानांजवळ नेऊन सोड, आणि तिथं कुणी पोरगा लॉकवायर पिळत असेल तर त्याच्याशी बोलू दिलं पाहिजे. परवानगी कुणाकडं मागायची ते मी शोधतोय.